विद्यापीठाच्या फिगर स्केटिंग क्लबात जाताय? मुंबईतून निघायच्या आधीपासून होणाऱ्या या चुका टाळा

अमेरिकेत किंवा कॅनडात प्रवेश पक्का झाला, विद्यापीठाच्या क्लबांच्या यादीत फिगर स्केटिंग दिसलं की बरेच जण त्याच रात्री ऑनलाइन बूट शोधायला बसतात. सगळ्यांत महाग चूक हीच. हे बूट मुंबईतून नेऊ नका. तिकडे रिंकजवळच्या (रिंक म्हणजे बर्फाचं स्केटिंगचं मैदान) दुकानात पाय मोजून, घालून बघूनच घ्या. पहिला महिना-दीड महिना रिंकवर भाड्याने मिळतात तेच वापरा.

कारण सरळ आहे. रोजच्या बुटाच्या नंबरावर फिगर स्केट मागवला तर तो बहुधा मोठा पडतो. मोठ्या बुटात टाच वर-खाली होते, घोटा डगमगतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपले घोटेच कच्चे. मग लेस करकचून आवळायची. टाच तरी सुटतेच, वर पाऊल बधिर होतं ते वेगळं. माप मिलिमीटरमध्ये, उभं राहून, दोन्ही पावलांचं घ्यायचं, लांबीबरोबर रुंदीही. वर्षभर चपला-सँडलमध्ये मोकळं राहिलेलं पाऊल अरुंद बुटात ठणकायला लागतं. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवल्यावर किंचित मागे यावीत, आणि टाच जागची हलू नये. मोजा एकच आणि पातळ. थंडी वाजेल म्हणून दोन जाड मोजे चढवले की नेमका बूटही बिघडतो.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे 'पुढेमागे लागेलच' म्हणून दुहेरी (हवेत दोन फेऱ्यांच्या) उड्यांसाठीचा ताठ बूट घेणं. नवशिक्याच्या वजनाने तो वाकतच नाही. घोटा वाकला नाही तर गुडघाही वाकत नाही, आणि गुडघा न वाकवता बर्फावर काहीच जमत नाही. लेस बांधताना बोटांकडे सैलसर, घोट्याच्या वळणाशी सगळ्यात घट्ट, वरच्या हुकांशी एक बोट आत जाईल इतकी मोकळी ठेवा. बांधायच्या आधी टाच जमिनीवर आपटून मागे बसवून घ्या.

भाड्याचे बूट घेताना आइस हॉकीचे नको, फिगरचेच हवेत असं स्पष्ट सांगा. ब्लेडच्या पुढच्या टोकाला दात, म्हणजे टो-पिक, दिसले की बूट बरोबर. नखाची पाठ ब्लेडच्या कडेवरून अलगद आडवी ओढा. नखाचा बारीक भुसा निघाला तर धार आहे. बोथट ब्लेड कडेला घसरतं आणि दोष तुमच्या तोलाच्या माथी बसतो. स्वतःचं ब्लेड नवंकोरं असलं तरी पहिल्यांदा धार लावून घ्यावी लागते. ब्लेडच्या तळाला लांबट खोबण असते, तिच्या दोन बाजू म्हणजे आतली आणि बाहेरची एज. नवशिक्यांना साधारण अर्धा इंच त्रिज्येची खोबण पुरते. पुढे अंदाजे वीस ते तीस तास स्केटिंग झालं की पुन्हा धार. फक्त हॉकीची कामं करणाऱ्याकडे ब्लेड देऊ नका. खालचा दात घासला गेला किंवा ब्लेडचा बाक सपाट झाला, तर ते परत येत नाही.

मुंबईत सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा मैदानात चाकांवर शिकलेल्यांची अडचण वेगळी. क्वाड स्केटवर (पुढे दोन, मागे दोन चाकं) आर्टिस्टिक, म्हणजे गिरक्या-उड्यांचं स्केटिंग केलं असेल तर एज, वळणं, गिरक्या कामी येतात. पण इनलाइनवाल्यांना (चाकं एका रांगेत) वजन पुढे टाकायची सवय असते. बर्फावर तसं केलं की टो-पिक रुततं आणि माणूस तोंडावर आपटतो. रेटा बोटांनी मागे नाही, ब्लेडच्या आतल्या कडेने बाजूला द्यायचा. ब्रेक नसतो, पाय बाहेर ढकलत बर्फ खरवडून थांबायचं. मॉलमध्ये अधूनमधून मांडतात त्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या फरशीवर घर्षण जास्त, त्यामुळे तिथे आलेला आत्मविश्वास फारसा धरू नका. खरा बर्फ आधी अनुभवायचाच असेल तर गुरुग्रामची मॉलमधली रिंक आहे, डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेली रिंक आहे. नाहीतर गच्चीवर एका पायावर तीस-तीस सेकंद उभं राहा, रोज. फुकट आहे आणि उपयोगी आहे.

'आपल्याला येत नाही, क्लबात कोण घेणार?' असं समजून गप्प बसणं ही आणखी एक चूक. बऱ्याच क्लबांत कोऱ्या पाटीचे विद्यार्थी असतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये क्लबांचे मेळावे होतात. त्याआधीच ईमेल करून विचारा: वर्गणीत बर्फावरच्या सरावाचा वेळ धरलाय का, कोचचे पैसे वेगळे का, रिंकवर जायला गाडी कोणाची, नवशिक्यांसाठी कोणता वार. अमेरिकेतल्या राष्ट्रीय संघटनेचं सदस्यत्व-वर्ष १ जुलै ते ३० जूनपर्यंत असतं, त्यामुळे मार्चमध्ये पूर्ण वर्षाची वर्गणी भरण्याआधी दोनदा विचारा. आणि वेळापत्रकात पहाटे सहा किंवा रात्री दहा दिसलं तर दचकू नका. रिंकच्या सोयीच्या वेळा बहुतेकदा हॉकीने घेतलेल्या असतात.

सरावाच्या सत्रात रिंकच्या मधोमध गप्पा मारत उभं राहू नका, तिथे गिरक्या चालतात. कोपऱ्यांतही नको: लुट्झ नावाची उडी घेणारा लांबून उलटा येतो, त्याची पाठ तुमच्याकडे असते. ज्याचं संगीत वाजतंय त्याला वाट आधी, मग कोचबरोबर शिकणाऱ्याला. पडलात तर कुल्ल्यावर, कडेला पडा, हात मागे टेकू नका (मनगट जातं), मुठी आवळा आणि लगेच उठा. बर्फावर पसरलेल्या बोटांवरून दुसऱ्याचं ब्लेड जाऊ शकतं.

कपड्यांचं एवढंच: जीन्स नको, हातमोजे हवेत.

बर्फावरून उतरल्यावर ब्लेड टॉवेलने कोरडं करा, स्क्रूंच्या आजूबाजूलाही. प्लॅस्टिकचे गार्ड फक्त चालण्यापुरते. बॅगेत ठेवताना कापडी कव्हर, नाहीतर आत अडकलेलं पाणी गंज आणतं. सुट्टीत स्केट घेऊन जुलैत मुंबईला आलात तर गंज चढायला बंद बॅगेत आठवडा पुरतो. घरी पोचल्यावर बूट बाहेर काढा, ब्लेडला तेलाचा पातळ हात द्या, आणि विमानात ते चेक-इन सामानातच टाका.