लॅपटॉप घेताना आधी स्क्रीन बघा
मी नाशिकच्या गंगापूर रोडला लग्नाचे अल्बम डिझाइन करते, शिवाय घरच्या द्राक्षांच्या हिशेबाचं टॅली-एक्सेलही माझ्याकडेच. नुसतं ऑफिसचं काम असेल तर आय-५ किंवा रायझन ५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी पुरे. ग्राफिक्स कार्डावर पैसे घालू नका.

फोटोशॉप वापरणार असाल तर मात्र स्क्रीन महत्त्वाची. '४५ टक्के एनटीएससी' (म्हणजे कमी रंग दाखवणारी स्क्रीन) लिहिलेलं दिसलं की सोडून द्या. त्यावर शालूचा लाल विटका दिसतो, आपण तो वाढवतो आणि अल्बम छापून येतो भडक! १०० टक्के एसआरजीबीच मागा, म्हणजे फोटोसाठी लागणारे नेहमीचे सगळे रंग दाखवणारी स्क्रीन. व्हिडिओ एडिटिंगला वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि जमल्यास ३२ जीबी रॅम.

एम. जी. रोडवर दुकानदाराला विचाराच, रॅम नंतर वाढवता येईल का? बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते. तसं असेल तर पहिल्यापासूनच जास्त घ्या.