सी लायब्ररीतील सिग्नल-संचाची हाताळणी सोपी कशी करावी

सिग्नल म्हणजे चालू प्रोग्रामला पाठवलेली क्रमांकित सूचना, आणि सिग्नल-संचात अशा प्रत्येक सिग्नलसाठी एक बिट असतो. लिनक्सवरच्या ग्लिबसी या सी लायब्ररीमध्ये संचाच्या ‘सिगसेट_टी’ या प्रकाराला १२८ बाइट, म्हणजे १०२४ सिग्नलांपुरती जागा दिलेली आहे, इंटेलच्या नेहमीच्या संगणकावर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मात्र ६४ सिग्नलच ओळखतो आणि त्यांना ८ बाइट पुरतात. लायब्ररीतला हा भाग सोपा करायला घेताना आधी या तफावतीचा विचार करावा.

प्रकाराचा आकार तसाच ठेवावा, कारण आधी कंपाइल झालेल्या प्रोग्रामांनी आपल्या स्ट्रक्चरांत तेवढी जागा धरलेली असते. बदलायचे ते आतले काम. कर्नलला लागणाऱ्या वर्डांची (यंत्र एका वेळी हाताळते त्या बिटगटांची) संख्या एका स्थिरांकात ठेवावी (६४-बिट यंत्रावर १, ३२-बिटवर २) आणि संच रिकामा करणे, भरणे, तपासणे हे सारे तेवढ्याच वर्डांवर चालवावे. उरलेल्या बाइटांत मग काहीही असू शकते. म्हणून दोन संचांची तुलना सगळे बाइट ताडणाऱ्या ‘मेमसीएमपी’ने करू नये.

यानंतर क्रमांकावरून बिट काढणारे सूत्र एकाच मॅक्रोत आणावे. सिग्नल १ पासून सुरू होतात आणि बिट ० पासून, त्यामुळे १ वजा करावाच लागतो. इंदूरला रामबागेत माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाकडून नेमके हेच राहिले होते. संचात सिग्नल घालणारे त्याचे ‘सिगॲडसेट’ आणि तो आहे का ते तपासणारे ‘सिगइजमेंबर’ एकाच चुकीच्या सूत्रावर चालत असल्याने सगळ्या चाचण्या पास होत होत्या. पण कंट्रोल-सीने येणारा सिग्नल २ अडवूनही ती कळ दाबताच प्रोग्राम बंद पडे, आणि अडे तो क्रमांक ३ चा क्विट सिग्नल. कर्नलची माहिती दाखवणाऱ्या ‘प्रॉक’मधल्या ‘स्टेटस’ फाइलची, अडवलेले सिग्नल दाखवणारी ‘सिगबीएलके’ ही ओळ उघडली, तेव्हा तिथे २ ऐवजी ४ दिसले. चाचणी कर्नलच्या साक्षीनेच घ्यावी, हे मी तेव्हापासून आग्रहाने सांगतो.

क्रमांक वैध आहे की नाही, हे फक्त बाहेरून बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनांत तपासावे. आतल्या मॅक्रोत तीच तपासणी पुन्हा नको. ग्लिबसीने ३२ आणि ३३ हे सिग्नल थ्रेडांच्या कामासाठी राखून ठेवले आहेत, म्हणून ते संच भरणाऱ्या ‘सिगफिलसेट’मधून वगळावेत आणि सिग्नल अडवणाऱ्या ‘सिगप्रॉकमास्क’मध्येही, संचाची प्रत करून, काढून टाकावेत. कर्नलला आकार सांगताना १२८ नव्हे, ८ द्यावा. नाहीतर कर्नलला दिलेली हाक ‘ईइनव्हॅल’ ही चूक घेऊन परतते.

शेवटी संच पूर्ण भरून तो अडवावा आणि ‘सिगबीएलके’ची तीच ओळ पुन्हा पाहावी. ६४ पैकी ६० बिट लागलेले दिसले पाहिजेत: ३२ आणि ३३ लायब्ररीने काढलेले, ९ आणि १९ कर्नलने, कारण ते अडवता येत नाहीत.