प्रचारातला मुद्दा सभागृहात पोचला का, हे कसं तपासायचं?

मतदानाआधीच जाहीरनामे, पत्रकं आणि भाषणांचे व्हिडिओ जमवून ठेवा. निकालानंतर पोस्ट काढून टाकल्या जातात. हरलेल्या उमेदवाराचं साहित्यही तितकंच महत्त्वाचं. विरोधकाने कुठे बोट ठेवलं होतं, हे जिंकलेला विसरत नाही. पुढच्या निवडणुकीत तीच बाजू उघडी पडू नये म्हणून तो नेमके तेच विषय हाती घेतो. अमेरिकी काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, झालेल्या अभ्यासात हे दिसून आलं आहे.

पाच-सात मुद्दे निवडा आणि नेमके लिहा. नुसतं 'पाणी' लिहिलंत तर पूरनियंत्रणाचा प्रश्नही त्यातच मोजला जाईल; 'गळक्या जलवाहिन्या बदलणं' लिहा.

मतदानाच्या नोंदीवर फार विसंबू नका. भारतात 1985च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षादेश, मोडणाऱ्याचं सदस्यत्व जाऊ शकतं, त्यामुळे मतातून दिसतो तो पक्षाचा निर्णय. सदस्य स्वतःहून काय करतो ते पाहा: प्रश्न, खासगी विधेयकं (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली), दुरुस्त्या. विधेयक मंजूर झालं का, ही कसोटी लावणं अन्यायाचं आहे. संसदेने खासगी विधेयक शेवटचं मंजूर केलं ते 1970 साली. मांडलं का आणि त्यावर बोलला का, एवढं पाहा. प्रश्नांमध्ये तारांकिताला जास्त वजन द्या, कारण तो सभागृहात पुकारला गेला तर तोंडी उत्तर मिळतं आणि उपप्रश्न विचारता येतात. कार्यवृत्त उघडून उपप्रश्न खरंच विचारला का, ते वाचा. प्रश्नाखाली दहा जणांची नावं असतील तर तो एकट्याच्या खात्यात धरू नका.

सगळ्यात जास्त चूक होते ती तुलनेत. सदस्य दुसऱ्यांदा निवडून आला असेल तर त्याची आधीची कारकीर्द त्याच मुद्द्यांवर तपासा. तो विषय तो आधीपासूनच लावून धरत असेल, तर श्रेय प्रचाराला देता येत नाही. शेजारच्या दोन-तीन मतदारसंघांचे सदस्यही पाहा; एखादी दुर्घटना घडली की सगळेच त्यावर प्रश्न विचारतात. प्रत्येक नोंदीपुढे तारीख हवीच, म्हणजे पहिल्या वर्षीचं काम आणि निवडणूक तोंडावर आल्यावरची धावपळ वेगळी काढता येते.

आणि सदस्य मंत्री झाला असेल तर प्रश्नांचा रकाना रिकामाच राहणार. मंत्री प्रश्नांना उत्तरं देतो, विचारत नाही. त्याच्या बाबतीत खात्याचे आदेश आणि अर्थसंकल्पातली तरतूद तपासा.