चेक इंजिनचा दिवा लागल्यावर या चुका टाळा

पेट्रोल गाडीच्या उत्सर्जन यंत्रणेत बिघाड झाला की चेक इंजिनचा दिवा लागतो. त्यानंतर दुरुस्तीसाठी माझ्यापुढे येणाऱ्या अनेक गाड्यांमध्ये मूळ दोष किरकोळ असतो, मात्र तो सापडण्याआधीच दोन-तीन चांगले सुटे भाग काढून नवे बसवलेले असतात. गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरवर दिसणाऱ्या कोडचा, म्हणजे नोंदवलेल्या दोषाच्या क्रमांकाचा, चुकीचा अर्थ लावल्यामुळे हे घडते. कोणती चाचणी नापास झाली एवढेच कोड सांगतो. कोणत्या भागामुळे ती नापास झाली, हे दुरुस्ती करणाऱ्यालाच शोधावे लागते.

माझ्या मते सर्वांत घातक चूक म्हणजे स्कॅनर जोडताच कोड पुसून टाकणे. दोष नोंदवला गेला त्या क्षणीची परिस्थिती, म्हणजे इंजिनचे फेरे, त्यावरचा भार, कूलंटचे तापमान, गाडीचा वेग आणि फ्युएल ट्रिमचे (संगणक पेट्रोलच्या प्रमाणात करत असलेल्या फेरफाराचे) आकडे, गाडीचा संगणक फ्रीझ फ्रेम म्हणून साठवून ठेवतो, आणि कोड पुसला की ही नोंदही त्याच क्षणी नाहीशी होते. ‘आधी पुसून बघू, परत आला तर पाहू’ असे म्हणणारे अनेकजण भेटतात. कोड परत येईपर्यंत गाडी त्याच दोषासह शेकडो किलोमीटर धावलेली असते, हे त्यांच्या लक्षात येत नाही. मी बॉनेट उघडण्याआधी पक्के कोड, पेंडिंग (अजून पक्के न झालेले) कोड आणि फ्रीझ फ्रेमचे सगळे आकडे वहीत उतरवून घेतो. स्कॅनरमध्ये साठवण्याची सोय असली तरी मी हातानेच लिहितो, कारण लिहिताना आकडे नीट वाचले जातात.

दुसरी चूक खर्चाच्या दृष्टीने सर्वांत मोठी आहे: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) नीट काम करत नसल्याचा पी०४२० हा कोड दिसला की तो कन्व्हर्टरच बदलणे. एक गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिचा कन्व्हर्टर सहा महिन्यांपूर्वीच दुसरीकडे बदललेला होता आणि तोच कोड पुन्हा आला होता. मालकाचे म्हणणे होते की नवा भागच निकृष्ट निघाला. मी चौकशी केली तेव्हा कळले की मधल्या काळात दिवा तीन-चार वेळा लागला होता, आणि प्रत्येक वेळी त्यांनी स्वतःच्या छोट्या स्कॅनरने तो घालवला होता. त्यामुळे जुनी कोणतीही नोंद हाती नव्हती. उभ्या गाडीत इंजिन अगदी सुरळीत चालत होते. शेवटी स्कॅनर जोडून गाडी चढावर नेली आणि वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या मिसफायरची (पेट्रोल नीट न पेटण्याची) संख्या भराभर वाढू लागली. त्या सिलिंडरच्या इग्निशन कॉइलच्या रबरी बुटाला आतून चीर पडली होती आणि स्पार्क प्लगच्या चिनीमातीवर कार्बनची बारीक काळी रेघ उमटली होती. भार वाढला की ठिणगी त्या रेघेवरून बाहेर निसटत असे. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत होते, त्या उष्णतेने आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी मधोमध वितळली होती. पहिला कन्व्हर्टरही बहुधा असाच गेला असावा. आधी कॉइल आणि प्लग बदलले, त्याच चढावर मिसफायरची संख्या शून्य राहते याची खात्री केली, आणि मगच नवा कन्व्हर्टर बसवला. दिवा पहिल्यांदा लागला तेव्हाच तिसऱ्या सिलिंडरचा पी०३०३ कोड कोणी वाचला असता, तर एका कॉइलवर आणि प्लगवर भागले असते.

म्हणून पी०४२० दिसला की मी कन्व्हर्टरचा विचार शेवटी करतो. आधी मिसफायरची संख्या, मग फ्युएल ट्रिम, मग एक्झॉस्टच्या सांध्यांमधली गळती तपासतो, कारण ऑक्सिजन सेन्सरजवळच्या (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या भागाजवळच्या) फटीतून बाहेरची हवा आत खेचली जाते आणि सेन्सरचे वाचन बिघडते. त्यानंतर इंजिन पूर्ण तापवून, एकसारख्या वेगात कन्व्हर्टरमागच्या ऑक्सिजन सेन्सरचा आलेख पाहतो. निरोगी कन्व्हर्टरमागे तो साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास बऱ्यापैकी स्थिर राहतो, तो ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये कन्व्हर्टरपुढच्या साध्या सेन्सरसारखाच वरखाली होऊ लागला, तरच कन्व्हर्टरवर संशय घ्यावा.

मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असल्याचा पी०१७१ कोड आला की ऑक्सिजन सेन्सर बदलण्याची घाईही अशीच चुकीची आहे. मिश्रण पातळ असल्याचे सेन्सर सांगत असेल, तर बहुतेक वेळा तो आपले काम नीट करत असतो. आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू असताना) फ्युएल ट्रिम खूप वाढलेला असून २५०० फेऱ्यांवर तो उतरत असेल, तर व्हॅक्यूम होज, ब्रीदर पाइप आणि इनटेक गॅस्केट पाहावेत. भार वाढताना ट्रिम वाढत असेल, तर फ्युएल पंपाचा दाब आणि आत येणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर पाहावा. एअर फ्लो सेन्सरवर कार्ब्युरेटर क्लीनर कधीही मारू नये, त्यासाठीचा वेगळा क्लीनर मिळतो.

पेट्रोलच्या वाफेच्या गळतीचा कोड आला तर आधी टाकीचे झाकण आणि त्याचे रबर पाहावे. कॉम्प्रेसरची हवा थेट त्या यंत्रणेत सोडू नये. ती अगदी कमी दाबासाठी बनवलेली असते, आणि आत धूर सोडणाऱ्या स्मोक मशीनने अर्धा मिलिमीटरचे छिद्रही दिसते. ऑक्सिजन सेन्सरच्या तारा सोल्डर करू नयेत, कारण अनेक सेन्सरना संदर्भाची हवा त्या तारांमधूनच मिळते. एक्झॉस्टजवळ साधे सिलिकॉन सीलंट लावू नये. दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल, तर गाडी हळू बाजूला घ्यावी आणि पुढे चालवू नये. तो कन्व्हर्टर जाळणाऱ्या मिसफायरचा इशारा असतो.

दुरुस्ती झाल्यावर मात्र कोड पुसावा लागतो, आणि इथे अधीर माणसे दिवा विझलेला पाहून गाडी घेऊन जातात. पुसल्यावर संगणकाच्या साऱ्या स्वयंचाचण्या अपूर्ण अवस्थेत जातात. कन्व्हर्टरची चाचणी इंजिन गरम असताना स्थिर वेगाने काही वेळ चालवल्यावरच पूर्ण होते. वाफेच्या गळतीची चाचणी साधारणपणे रात्रभर थंड झालेली गाडी सुरू केल्यावर होते आणि टाकी अगदी रिकामी किंवा काठोकाठ भरलेली असेल तर ती चालतच नाही. त्यामुळे मी टाकी अर्धी असताना गाडी रात्रभर ठेवून घेतो, सकाळी स्वतः चालवतो, आणि संबंधित चाचणी पूर्ण झालेली दिसून पेंडिंग कोडची यादी रिकामी राहिली तरच चावी परत देतो.