लिनक्स सर्व्हर आणि विंडोज पीसी यांच्यात फाइल्स आणि प्रिंटर शेअर करणं: नवीन लोकांसाठी माझा अनुभव

अॅडमिनच्या पहिल्या नोकरीत मला दिलेलं पहिलं काम म्हणजे एक लिनक्स सर्व्हर, त्यावर सगळ्यांच्या फाइल्स, आणि वीसेक जण विंडोजवर, त्यांना त्या फाइल्स उघडता आल्या पाहिजेत आणि प्रिंट पण काढता आल्या पाहिजेत. शेअर, म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांसाठी उघडा केलेला फोल्डर, दोन तासांत दिसायला लागला होता. पण तो सगळ्यांना विनातक्रार वापरता यायला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत जे कळलं ते कुणी आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून लिहितेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट. नवीन माणूस केबल, आयपी, फायरवॉल यांच्यात अडकून पडतो, पण खरी अडचण बहुतेक वेळा "हा माणूस कोण आहे" याची असते. विंडोज माणसाला एका पद्धतीने ओळखतं, युनिक्स दुसऱ्या पद्धतीने, आणि मध्ये बसलेल्या सॉफ्टवेअरला या दोन ओळखी जुळवाव्या लागतात. तुमच्याकडे येणाऱ्या दहा तक्रारींतल्या सात-आठ शेवटी इथेच येऊन थांबतात.

मध्ये बसणारं सॉफ्टवेअर म्हणजे सांबा. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ साली ऑस्ट्रेलियात विद्यापीठात असताना ते लिहायला सुरुवात केली. विंडोज फाइल शेअरिंगसाठी जो प्रोटोकॉल वापरतं तो एसएमबी, त्यामुळे एस, एम आणि बी ही अक्षरं याच क्रमाने येणारा शब्द त्यांनी डिक्शनरीच्या फाइलमध्ये शोधला आणि सांबा सापडला. दुसरा पर्याय एनएफएस, सन कंपनीने १९८४ च्या सुमारास आणलेला, आणि युनिक्स ते युनिक्स असेल तर तो मस्त चालतो. पण साध्या सेटअपमध्ये एनएफएस समोरच्या मशीनने पाठवलेल्या युजर नंबरवर विश्वास ठेवतं, आणि विंडोजकडे तसा नंबरच नसतो, मग ते जुळवत बसावं लागतं. समोर विंडोज असेल तर सांबा, समोर लिनक्स असेल तर एनएफएस, सुरुवातीला एवढंच धरून चाला. एकच फोल्डर दोन्हीकडून देऊ नका, फाइल लॉकिंगचे घोळ होतात.

आता पासवर्डची गोष्ट, इथे प्रत्येक नवीन माणूस अडतोच. लिनक्सवर युजर बनवला, पासवर्ड दिला, विंडोजवरून तोच टाकला तरी आत घेत नाही. कारण लिनक्स पासवर्ड ज्या हॅशमध्ये (पासवर्डपासून बनवलेला, उलटा न फिरवता येणारा कोड) ठेवतं तो एसएमबीच्या लॉगिनला उपयोगाचा नाही. विंडोज पासवर्ड जसाच्या तसा पाठवत नाही, सर्व्हर एक आकडा देतो आणि विंडोज पासवर्डपासून त्याचं उत्तर तयार करून पाठवतं, ते तपासायला सर्व्हरकडे वेगळ्या प्रकारचा हॅश लागतो. म्हणून सांबाची पासवर्डची यादी वेगळी. एसएमबीपासडब्ल्यूडी कमांडला मायनस ए देऊन प्रत्येक युजर तिथे पण घालावा लागतो, आणि लिनक्सचा पासवर्ड बदलला म्हणून इथला आपोआप बदलत नाही. हे लोकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पासवर्ड बदलायचा दिवस आला की फोन थांबत नाहीत.

लॉगिन झालं तरी काम संपत नाही. सांबाच्या कॉन्फिग फाइलमध्ये शेअरला लिहायची परवानगी पाहिजे, आणि खाली फाइलसिस्टिमवर त्या युजरला परवानगी पाहिजे. दोन्हींपैकी जे कडक असेल ते चालतं. रीड ओन्ली नो लिहिलंय तरी लिहिता येत नाही म्हणून मी एकदा अख्खी दुपार कॉन्फिग फाइल वाचत बसले होते आणि फोल्डरचा मालक रूट, म्हणजे लिनक्सचा मुख्य अॅडमिन युजर, होता. रेड हॅटच्या घराण्यातलं लिनक्स असेल तर त्यावर आणखी एसईलिनक्स नावाचा सुरक्षेचा जादा थर असतो, फोल्डरला सांबा शेअरचं लेबल नसेल तर बाकी सगळं बरोबर असूनही नकार मिळतो, आणि अशा वेळी एसईलिनक्स बंद करू नका, लेबल लावा.

आणि आता ती चूक जी मी केली आणि जवळजवळ प्रत्येक जण करतो. हिशोबाच्या फोल्डरमध्ये एकीने फाइल सेव्ह केली की बाकीच्यांना ती फक्त वाचता यायची. मी वैतागून अख्ख्या फोल्डरवर सीएचमॉड ७७७ चालवलं, म्हणजे सगळ्यांना सगळं करायची परवानगी देऊन टाकली. सगळे खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तीच तक्रार, कारण ७७७ लागलं ते जुन्या फाइल्सना, नवीन फाइल सांबाच्या डिफॉल्टने बनते, ते डिफॉल्ट ०७४४ आहे, म्हणजे मालकाला सगळं आणि ग्रुपला फक्त वाचन. मी परत ७७७ चालवलं, मग ते रोज रात्री आपोआप चालावं म्हणून क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी लिनक्सची सोय) टाकलं. तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्याच विभागातल्या कुणाच्या तरी हातून माऊसने ओढताना एक फोल्डर शेजारच्या फोल्डरमध्ये गेला आणि सगळ्यांना वाटलं की वर्षभराचं काम उडालं. फोल्डर सापडला, पण ७७७ नसतं तर त्या माणसाला तो हलवताच आला नसता.

बरोबर पद्धत अशी आहे. विभागाचा एक ग्रुप बनवा, त्या लोकांना त्यात घाला, फोल्डर त्या ग्रुपच्या नावे करा आणि परवानगी २७७० द्या. पुढचा तो दोन महत्त्वाचा, त्यामुळे आत बनणारी प्रत्येक नवीन गोष्ट आपोआप त्याच ग्रुपची होते. मग शेअरमध्ये क्रिएट मास्क ०६६० आणि फोर्स क्रिएट मोड पण ०६६०, फोल्डरसाठी डिरेक्टरी मास्क आणि फोर्स डिरेक्टरी मोड दोन्ही २७७०, आणि व्हॅलिड युजर्समध्ये ॲटचं चिन्ह (@) लावून ग्रुपचं नाव. बस. नवीन माणूस आला की ग्रुपमध्ये घालायचा, गेला की काढायचा, फोल्डरला परत हात लावायचा नाही. फक्त ग्रुपमध्ये घातल्यावर त्याला विंडोजमधून लॉग ऑफ करून परत यायला सांगा, चालू असलेल्या कनेक्शनला नवीन ग्रुप कळत नाही.

आणखी एक, नेटवर्क ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. लोकांना हे माहीत नसतं. सांबामध्ये रिसायकल नावाचं मॉड्यूल आहे, ते शेअरला लावलं की डिलीट झालेल्या फाइल्स त्याच शेअरमधल्या एका लपवलेल्या फोल्डरमध्ये जातात. दोन ओळींचं काम आहे, पहिल्या दिवशीच करा. बॅकअप तरीही पाहिजेच, हे त्याच्या जागी नाही.

तक्रार आली की मी कुठल्या क्रमाने बघते ते सांगते, कारण क्रम चुकला की माणूस भरकटतो. आधी सर्व्हरवरच टेस्टपार्म चालवते, कॉन्फिगमध्ये स्पेलिंगची चूक असेल तर तिथेच दिसते. मग सर्व्हरवरूनच एसएमबीक्लायंटने त्याच युजरच्या नावाने शेअरमध्ये जाऊन बघते. तिथे चाललं म्हणजे सांबा आणि पासवर्ड ठीक, आता दुसऱ्या मशीनवरून पोर्ट ४४५ उघडा आहे का बघायचं, तिथे अडलं तर फायरवॉल. आत जाता येतंय पण लिहिता येत नाही, तर सर्व्हरवर सुडो वापरून त्या युजरच्या नावाने त्या फोल्डरमध्ये टच करून एक रिकामी फाइल बनवून बघते. ती बनली नाही तर सांबाचा काही संबंध नाही, फाइलसिस्टिमची परवानगी बघा. एवढ्या चार पायऱ्यांत कुठे अडलंय ते कळतं. तरी नाहीच कळलं तर लॉग लेव्हल ३ करून त्या मशीनचा लॉग वाचायचा, आणि काम झालं की लेव्हल परत खाली आणायची नाहीतर डिस्क भरते.

विंडोजच्या बाजूची एक खोड लक्षात ठेवा. एका सर्व्हरला एका वेळी एकाच युजरच्या नावाने जोडता येतं. आधी कुणीतरी दुसऱ्या नावाने जोडलं असेल तर विंडोज एरर १२१९ देतं, आणि पासवर्ड बरोबर असूनही माणूस तोच परत परत टाइप करत बसतो. विंडोजवर नेट यूज कमांड चालवून आधीची कनेक्शन बघा, काढा, मग जोडा. आणि नेटवर्कच्या यादीत सर्व्हर दिसत नाही म्हणून घाबरू नका, पत्त्याच्या जागी \\सर्व्हर\हिशोब असं सरळ टाइप करा, उघडलं तर सगळं ठीक आहे. ती यादी आधी जुन्या एसएमबी १ वर चालायची. यादीत दिसायलाच हवा असेल तर सर्व्हरवर डब्ल्यूएसडीडी नावाची छोटी सर्व्हिस लावा.

एसएमबी १ चा विषय निघालाच आहे तर, ते परत चालू करू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हे खंडणी मागणारं व्हायरस पसरलं ते याच जुन्या प्रोटोकॉलमधल्या भोकातून, त्यानंतर विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांत ते मुळात येतच नाही आणि सांबाने पण ४.११ पासून डिफॉल्टला बंद केलं. कुठेतरी एखादं जुनं स्कॅनर असतं जे फक्त एसएमबी १ बोलतं आणि कुणीतरी म्हणतं की तेवढं चालू करून द्या. मी ईमेलवर स्कॅन लावून देते, सर्व्हर उघडा टाकत नाही.

फाइलच्या नावांचं पण बघा. लिनक्सला रिपोर्टचा आर मोठा आणि लहान या दोन वेगळ्या फाइल्स वाटतात, विंडोजला एकच. लिनक्सवाले नावात कोलन टाकतात, विंडोजला ते चालत नाही, मग त्या फाइलचं नाव विंडोजवर तिरप्या नागमोडी चिन्हाचं काहीतरी विचित्र दिसतं. आणि मराठीत नावं देणाऱ्यांसाठी खास, लिनक्सवर नावाची मर्यादा सहसा २५५ बाइटची असते, विंडोजवर २५५ अक्षरांची. लिनक्सवर नावं साठवायच्या यूटीएफ ८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं आणि काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. "जमाखर्च" डोळ्याला चार अक्षरं, मोजणीत सात चिन्हं, बाइट एकवीस. म्हणजे सगळं मिळून ८५ चिन्हांच्या वर नाव गेलं की विंडोजवर छान सेव्ह होणारी फाइल सर्व्हरवर कॉपीच होत नाही आणि एररमध्ये नीट कारण पण येत नाही. मला हे शोधायला दोन दिवस लागले होते.

आता प्रिंटर. पूर्वी प्रिंटर पण सांबामधूनच द्यायचे आणि विंडोजचा ड्रायव्हर सर्व्हरवर ठेवायचे. २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंटिंगमधलं प्रिंटनाइटमेअर नावाचं सुरक्षेचं भोक निघाल्यावर विंडोजने नेटवर्कवरून ड्रायव्हर घ्यायला अॅडमिनचा पासवर्ड सक्तीचा केला, त्यामुळे ती पद्धत आता त्रासदायक झालीय. माझं मत, लिनक्सवर कप्स हे प्रिंटिंगचं सॉफ्टवेअर लावा, प्रिंटर शेअर करा आणि विंडोजमध्ये नावाने प्रिंटर जोडताना कप्सचा पत्ता द्या, पोर्ट ६३१, पुढे प्रिंटर्स आणि रांगेचं नाव. नेटवर्कवरून प्रिंट पाठवायचा आयपीपी प्रोटोकॉल कप्स आणि विंडोज दोघांनाही येतो. प्रिंटरला डीएचसीपीमध्ये (मशीनना आपोआप आयपी पत्ते वाटणारी सेवा) पत्ता कायमचा बांधून द्या, हे विसरलात तर एक दिवस वीज जाऊन येते, प्रिंटरला नवीन आयपी मिळतो आणि सगळे म्हणतात सर्व्हर बिघडला.

एकदा प्रिंट अडकली की कप्स अख्खी रांगच थांबवून ठेवू शकतं, मग कागद भरला तरी काही निघत नाही. एलपीस्टॅटने बघा, रांग डिसेबल्ड दिसली तर कप्सएनेबल करा, आणि एरर पॉलिसी रिट्राय जॉब ठेवा.

छापलेलं पान बघून पण बरंच कळतं. ओळी जिन्यासारख्या उजवीकडे उतरत गेल्या तर साधा टेक्स्ट थेट प्रिंटरला गेलाय, युनिक्समध्ये ओळ फक्त लाइन फीडने संपते आणि प्रिंटर कॅरेज रिटर्नची वाट बघत तिथूनच पुढची ओळ सुरू करतो. पानावर टक्का, उद्गारचिन्ह आणि पीएस असं काहीतरी छापून पुढे नुसता कोड आला तर पोस्टस्क्रिप्ट ही पान कसं छापायचं ते सांगणारी भाषा न समजणाऱ्या प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट गेलंय, कप्समध्ये ड्रायव्हर चुकीचा निवडलाय. आणि प्रिंटर दिवा लुकलुकवत नुसताच थांबला, ट्रेमध्ये कागद असूनही कागद मागतोय, तर बहुतेक रांगेचा डिफॉल्ट कागद अमेरिकन लेटर साइजचा आहे आणि ट्रेमध्ये ए४, रांगेच्या सेटिंगमध्ये ए४ करा आणि ज्या पीसीवरून प्रिंट दिली तिथे पण बघा, दोन्हीकडे बदलल्याशिवाय तो दिवा थांबत नाही.