सेंट पीटर्सबर्ग पाहताना या चुका टाळा

चार दिवसांसाठी पीटर्सबर्गला गेलेल्यांचा एखादा दिवस हमखास वाया जातो, आणि त्यामागे बहुतेकदा वार किंवा नेवा नदी असते.

आधी वार. इथली मोठी ठिकाणं एकाच दिवशी बंद नसतात. हर्मिटाज हे कलासंग्रहालय सोमवारी बंद. रशियन म्युझियम आणि त्सारस्कोये सेलोचा कॅथरीन पॅलेस, म्हणजे अंबरानं मढवलेली 'अंबर रूम' जिथे आहे तो, मंगळवारी. १८८१ मध्ये झार अलेक्झांडर दुसरा जिथे प्राणघातक जखमी झाला त्या जागेवरचं रंगीत घुमटांचं चर्च (सेव्हियर ऑन द स्पिल्ड ब्लड) साधारणपणे बुधवारी. शहराबाहेर समुद्रकाठी असलेल्या पीटरहॉफचा मोठा राजवाडा सोमवारी आणि शिवाय महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी. म्हणून आधी कागदावर वार लिहा, मग त्यात ठिकाणं बसवा. सोमवार सगळ्यात अवघड. तो पीटर-पॉल किल्ल्यासाठी आणि कालव्यांतल्या बोटीसाठी ठेवला की चुकत नाही. उन्हाळ्यात वेळा बदलतात, तेव्हा आदल्या रात्री त्या त्या ठिकाणाच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाकाच.

हर्मिटाजमध्ये लोक सगळं बघायला निघतात. संग्रहात सुमारे ३० लाख वस्तू आहेत, त्यामुळे तो नाद सोडा. जॉर्डन जिना, मोराचं घड्याळ, लिओनार्दोच्या दोन मॅडोना, राफाएलच्या लॉजिया (चित्रांनी सजवलेली कमानींची दीर्घिका) आणि रेम्ब्रांटचं 'उधळ्या पुत्राचं पुनरागमन' एवढं नीट पाहायलाही तीन तास लागतात. याहून मोठी चूक म्हणजे मातिसचं 'नृत्य' किंवा इम्प्रेशनिस्ट चित्रं विंटर पॅलेसमध्ये, म्हणजे हर्मिटाजच्या मुख्य इमारतीत शोधत बसणं. ती आता समोरच्या चौकाच्या पलीकडे, जनरल स्टाफ बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर आहेत. पाय दुखायला लागल्यावर हे कळतं आणि मग चौक ओलांडायचं त्राण उरत नाही. ही चित्रं हवी असतील तर त्यांना वेगळा अर्धा दिवस द्या. मोठी बॅग आणि जाड कोट क्लोकरूममध्ये ठेवावाच लागतो. परत घेताना रांग असते, म्हणून बाहेर पडायला पंधरा-वीस मिनिटं जास्तीची धरा.

पीटरहॉफची कारंजी एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच चालतात. हिवाळ्यात जाऊन कोरडे हौद पाहणारे दरवर्षी असतात. या कारंज्यांना पंप नाही. रोप्शाच्या उंचवट्यावरचं पाणी कालव्यानं येतं आणि स्वतःच्याच दाबानं उसळतं. सिंहाचा जबडा फाडणाऱ्या सॅम्सनची धार २० मीटरपर्यंत जाते. मोठी कारंजी सकाळी ११ वाजता संगीतासह सुरू होतात, तेव्हा साडेदहाला आत असा. कारंजी असलेल्या खालच्या बागेचं आणि राजवाड्याचं तिकीट वेगवेगळं असतं, आणि बागेतून एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर परत आत सोडत नाहीत. खाणं-पिणं, स्वच्छतागृह, समुद्रकाठ सगळं उरकूनच फाटक ओलांडा. जाताना शहरातल्या विंटर पॅलेससमोरच्या नेवाकाठावरून सुटणारी मेटिओर ही वेगवान बोट घेतली तर ती साधारण ४० मिनिटांत थेट बागेच्या धक्क्यावर आणते. मात्र वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात. म्हणून परतीचं बोटीचं तिकीट आधी काढू नका. नोव्ही पीटरहॉफ स्टेशनहून लोकल गाडी बाल्टिक स्टेशनला येते, तिथे मेट्रो आहे.

आता नदी. एप्रिल ते नोव्हेंबर या काळात मोठी जहाजं जाऊ देण्यासाठी नेवावरचे पूल मध्यरात्रीनंतर उघडतात. पॅलेस ब्रिज साधारण एकच्या सुमारास. जूनच्या शेवटी रात्रभर उजेड असतो, म्हणून सगळे काठावर उभे राहून पाहतात, आणि हॉटेल वासिलियेव्स्की बेटावर किंवा पेत्रोग्राद बाजूला, म्हणजे नदीपलीकडे असेल तर पहाटेपर्यंत अडकतात. मेट्रोही साधारण मध्यरात्रीच बंद होते. अशा वेळी टॅक्सी शहराबाहेरच्या, न उघडणाऱ्या पुलावरून फेरा मारून नेते आणि भाडं चांगलंच वाढतं. पूल बघायचेच असतील तर मुक्काम नेव्स्की रस्त्याच्या आसपास ठेवा, किंवा पूल आपल्या हॉटेलच्या काठावरूनच पाहा.

मेट्रोत गोंधळ होतो तो नावांमुळे. इथे एकमेकांना जोडलेल्या स्थानकांना बहुतेक ठिकाणी प्रत्येक मार्गावर वेगळं नाव असतं: निळ्या मार्गावर नेव्स्की प्रॉस्पेक्ट, हिरव्यावर तेच गोस्तिनी द्वोर. सेन्नाया, सादोवाया आणि स्पास्काया हीही एकाच जंक्शनची तीन नावं. काही स्थानकांत फलाटाला भिंत आणि लोखंडी दारं आहेत, त्यामुळे गाडीतून नाव दिसत नाही. घोषणा ऐका आणि स्थानकं मोजा. हर्मिटाजसाठी आद्मिराल्तेयस्काया सगळ्यात जवळचं, पण ते ८६ मीटर खोल आहे. नुसत्या सरकत्या जिन्यांवरच काही मिनिटं जातात, तेव्हा तिकिटाची वेळ ठरलेली असेल तर तेवढी सूट ठेवा.

भारतात काढलेलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड रशियात चालत नाही, मार्च २०२२ पासून. ऑनलाइन तिकिटंही त्या कार्डावर निघत नाहीत. सगळ्या खर्चाची रक्कम डॉलर किंवा युरोत रोख न्या आणि बँकेत रूबल करून घ्या. आपल्याकडे नोटेवर आकडा लिहायची सवय असते, पण तिथे शाईचा ठिपका किंवा फाटका कोपरा दिसला की खिडकीतून नोट परत येते. निघण्यापूर्वी नोटा एकेक करून दोन्ही बाजूंनी तपासा. अलीकडे तिथे मोबाईल इंटरनेट मधूनच बंद पडतं आणि जीपीएसही भलतीच जागा दाखवतं, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा आणि हॉटेलचा पत्ता रशियन लिपीत कागदावर लिहून खिशात ठेवा.