जुनं आणि नवं रेकॉर्डिंग ताडून पाहताना या चुका टाळा

श्नाबेल या जुन्या पियानोवादकाचा बेथोव्हेन सरस की आजच्या एखाद्या पियानोवादकाचा, कंडक्टर फुर्टवेंगलरची नववी सिम्फनी की मागच्या वर्षी आलेली, हा वाद पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या चाहत्यांत रंगतो फार छान. अडचण एवढीच की कान ज्या फरकावर निकाल देतात, तो बरेचदा वादकाचा नसतो. कुठे आवाजाची पातळी वेगळी असते, कुठे तबकडीचा वेग, कुठे पानंच्या पानं गाळलेली असतात. हे सगळं आधी बाजूला काढा. उरेल ते वादन, आणि त्यावर मग मनसोक्त भांडा.

आवाज न जुळवता ऐकणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. दोन रेकॉर्डिंगमध्ये एका डेसिबलचा फरक असला तर "हे मोठ्याने वाजतंय" असं आपल्याला वाटत नाही. "हे जास्त भरीव आहे, जास्त जिवंत आहे" असं वाटतं. शिवाय आवाज कमी असला की कानाला खर्ज आणि अगदी वरचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात. म्हणून हळू वाजणारं जुनं रेकॉर्डिंग लगेच "पातळ" ठरतं.

फाइल हाताशी असेल तर दोन्हींतला 60 ते 90 सेकंदांचा तोच तुकडा कापा आणि ऑडॅसिटी या ऑडिओ-संपादन प्रोग्रॅममध्ये 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' लावून दोन्ही तुकडे -23 एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं एकक) आणा. अख्खी मूव्हमेंट (रचनेचा एक खंड) जुळवून चालत नाही. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये हळू आणि जोरकस भागांतलं अंतर आवळलेलं असतं, नव्यात ते ऐसपैस असतं. सरासरी जुळली तरी तुम्ही ऐकताय तो तुकडा जुळेलच असं नाही.

स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर सेटिंग्जमध्ये जाऊन नॉर्मलायझेशन (पातळी आपोआप सारखी करण्याची सोय) आधी बंद करा. स्पॉटिफायवर हे चालू असलं की अल्बम ऐकताना पातळी अख्ख्या अल्बमवरून ठरते, प्लेलिस्टमध्ये एकेका ट्रॅकवरून. म्हणजे तोच संथ मूव्हमेंट दोन ठिकाणी दोन पातळ्यांवर वाजू शकतो. बंद केल्यावर फोनमधलं साउंड मीटर अ‍ॅप उघडा, फोन तुमच्या बसण्याच्या जागी ठेवा आणि दोन्ही तुकड्यांची सरासरी अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. फोनचा आकडा अचूक नसतो, पण आपल्याला फक्त फरक हवाय. त्याला तोच फोन त्याच जागी पुरतो.

एकूण मिनिटांवरून लय ठरवणं

पियानोवादक ग्लेन गूल्डने दोनदा वाजवलेली बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' घ्या. 1955 चं रेकॉर्डिंग साधारण 38 मिनिटांचं, 1981 चं 51 मिनिटांचं. यावरून "म्हातारपणी गूल्ड सगळंच संथ वाजवायला लागला" असं सर्रास म्हटलं जातं. पण 1955 मध्ये त्याने एकही पुनरावृत्ती घेतली नव्हती, म्हणजे खुणेप्रमाणे कुठलाच भाग पुन्हा वाजवला नव्हता. 1981 मध्ये बऱ्याच व्हेरिएशन्सचा, विशेषतः कॅननचा (जिथे एका आवाजामागून दुसरा तीच धून धरतो), पूर्वार्ध तो दोनदा वाजवतो. वाढलेल्या मिनिटांतली कितीतरी तिथे गेली. लयच तपासायची असेल तर सुरुवातीची आरिया (मूळ धून) घ्या. दोन्ही वेळा ती पुनरावृत्तीशिवाय आहे: आधी 1 मिनिट 53 सेकंद, नंतर 3 मिनिटं 5 सेकंद. ही तुलना खरी, आणि केवढी बोलकी!

शुबर्टच्या शेवटच्या सोनाटात (बी फ्लॅट मेजर, डी. 960) याहून नाजूक गोष्ट घडते. पहिल्या मूव्हमेंटमध्ये मांडणीचा भाग पुन्हा वाजवायची खूण आहे. पियानोवादक ब्रेंडेल ती पाळत नसे. रिक्टर पाळतो, आणि वर इतक्या संथ लयीत वाजवतो की 1972 च्या रेकॉर्डिंगमध्ये ही एकच मूव्हमेंट 24 मिनिटांच्या आसपास जाते. पण मुद्दा नुसत्या वेळेचा नाही. पुन्हा सुरुवातीला नेणारे नऊ बार (स्वरलिपीतले ठरावीक मात्रांचे तुकडे) शुबर्टने वेगळे लिहिले आहेत. पुनरावृत्ती गाळली की ते नऊ बार ऐकूच येत नाहीत. आठव्या बारमध्ये खाली खर्जात जी दबकी ट्रिल (शेजारचे दोन स्वर झपाट्याने आलटून-पालटून) येते ना, ती अख्ख्या मूव्हमेंटमध्ये एकदाच पूर्ण जोराने कडाडते, तीही याच नऊ बारांत. पुनरावृत्ती घेणाऱ्याची मूव्हमेंट "जास्त भीतीदायक" वाटली तर त्याचं श्रेय बोटांना देण्याआधी हे नऊ बार तपासा. (ही ट्रिल लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकू नका. तिचा मूळ स्वर तिथे उमटतच नाही, वरचे स्वरांश तेवढे ऐकू येतात.)

जुन्या काळी पुनरावृत्ती गाळण्यामागे साधं कारणही असायचं. 12 इंची 78 आरपीएम (मिनिटाला 78 फेरे) तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटंच मावत. कधी तर संगीतच कापलं जाई. राखमानिनॉफने स्वतःचा तिसरा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) कंडक्टर ऑर्मंडीबरोबर 1939-40 मध्ये रेकॉर्ड केला, तो काटछाट करून. तो 34 मिनिटांत संपतो. आज पूर्ण वाजवला की बहुधा 40 च्या पुढे जातो. "संगीतकार स्वतः इतका झपाट्याने वाजवायचा" हे काही प्रमाणात खरं आहे, पण ते मिनिटांवरून सिद्ध होत नाही.

कोणती संहिता वाजतेय ते न पाहणं

ब्रुकनरच्या चौथ्या सिम्फनीची 1874 ची आवृत्ती आणि नेहमी वाजणारी नंतरची आवृत्ती यांतला स्केर्त्सोच (तिसरी मूव्हमेंट) पूर्णपणे वेगळा आहे. आठव्यात हास आणि नोवाक या संपादकांच्या संपादनांत भाग कमी-जास्त होतात. मालरच्या सहाव्यात मधल्या दोन मूव्हमेंटचा क्रम बदलतो, शेवटच्या मूव्हमेंटमधले हातोड्याचे घाव कुणी दोन ठेवतं, कुणी तीन. अल्बमच्या पुस्तिकेत आवृत्ती छापलेली असते. ती वाचल्याशिवाय या दोघांच्या कामांची तुलना करू नये.

स्वर चढा आहे की वेग चुकलाय?

78 आरपीएमच्या तबकड्या दर वेळी बरोबर 78 वरच कोरल्या जात असं नाही. 80 वर कोरलेली तबकडी 78 वर वाजवली तर स्वर साधारण 44 सेंटने, म्हणजे जवळजवळ पाव स्वराने उतरतो आणि लयही मंदावते. उलट, 78 ची 80 वर वाजवली तर दहा मिनिटांचं संगीत 9 मिनिटं 45 सेकंदांत आटपतं आणि वादन उगाचच चमकदार, तल्लख वाटतं. आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांवरून गायकाची पट्टी ठरवू पाहणाऱ्यांना हा घोळ चांगला ठाऊक आहे.

तपासणी सोपी आहे. ट्यूनर अ‍ॅप लावा आणि शेवटचा लांबलेला स्वरमेळ पकडा. पियानोचा 'ए' स्वर 440 हर्ट्झच्या जवळपास असायला हवा. तबकडीची बाजू बदलते त्या जोडावर स्वर घसरतोय का, तेही पाहा. ऑर्केस्ट्राच्या बाबतीत मात्र घाई करू नका. जुन्या काळची वाद्यं वापरणारे बेथोव्हेनसाठी 430 आणि बाखसाठी 415 मुद्दाम लावतात. 430 म्हणजे 440 पेक्षा 40 सेंट खाली, चुकीच्या वेगाने पडणाऱ्या फरकाएवढंच. पण ती चूक नाही, निवड आहे.

खरखर नाही म्हणजे प्रत चांगली, असं मानणं

पियानोच्या स्वराचा तेज भाग, म्हणजे हातोडीचा टणत्कार आणि हॉलची हवा, ज्या पट्ट्यात असतो त्याच पट्ट्यात तबकडीची खरखरही असते. खरखर निर्दयपणे धुतली की हेही धुऊन जातं आणि मग "जुने पियानो मऊ होते" असा समज होतो. हेडफोन लावून एकच स्वरमेळ विरताना ऐका. स्वर विरत असताना मागची खरखरही त्याच्याबरोबर गायब होते का? शेपूट मधेच तुटतं का? पाण्याखालून आल्यासारखं गुळगुळतं का? यातलं काहीही असेल तर ती प्रत सोडून द्या. श्नाबेलची 1932 ते 1935 दरम्यानची बेथोव्हेन सोनाटा मालिका अनेकांनी तबकड्यांवरून उतरवली आहे. नॅक्सॉस या कंपनीची, मार्क ओबर्ट-थॉर्न यांनी उतरवलेली घ्या, दुसरी एखादी घ्या आणि तेच दोन मिनिटं ऐका. दोन वेगळे पियानोवादक वाटू शकतात.

नवी रेकॉर्डिंगही यातून सुटत नाहीत. गूल्डचं 1981 चं रेकॉर्डिंग आधी डिजिटल टेपवरून निघालं, 2002 मध्ये त्याच वेळी चालू असलेल्या अ‍ॅनालॉग टेपवरून. फुर्टवेंगलरच्या 1951 च्या बायरॉइटच्या नवव्या सिम्फनीचं तर आणखी गुंतागुंतीचं. इएमआय या रेकॉर्ड कंपनीने काढलेली प्रत आणि पुढे बव्हेरियन रेडिओच्या संग्रहातून ऑर्फेओने काढलेली प्रत, यांत ठिकठिकाणी वेगळं वादन निघालं. म्हणून स्ट्रीमिंगवर दिसणाऱ्या वर्षावर विसंबू नका. ते बहुतेकदा पुनर्प्रकाशनाचं असतं. पुस्तिकेत रेकॉर्डिंगची तारीख आणि हॉल शोधा.

सपाट आवाजाचा दोष कंडक्टरला देणं

तबकडीच्या खरखरीत हळू भाग बुडू नये म्हणून तंत्रज्ञ तो उचलत आणि जोरकस भाग दाबत. त्यामुळे जुन्या मोनोत (एकाच वाहिनीच्या रेकॉर्डिंगमध्ये) आवाजाच्या चढ-उतारावरून कंडक्टरचा हात ओळखता येत नाही. तो ओळखा स्वराच्या रंगावरून. ट्रम्पेट जोराने फुंकला की त्याला धातूची धार येते, पियानोवर जोराने मारलं की स्वर टणक होतो. पातळी दाबली तरी ती धार राहते.

मोनोत डावं-उजवंही नसतं. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिम्फनीच्या शेवटच्या मूव्हमेंटची सुरुवातीची धून एकाही व्हायोलिन गटाकडे पूर्ण नाही. एक स्वर पहिल्या गटाकडे, पुढचा दुसऱ्याकडे, अशी ती लिहिलेली आहे. कंडक्टर क्लेम्परर हे दोन गट समोरासमोर बसवायचा. फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राबरोबरच्या त्याच्या स्टीरिओ रेकॉर्डिंगमध्ये धून या बाजूकडून त्या बाजूला झोके घेते. मोनोत कुणाचंही रेकॉर्डिंग लावा, ते ऐकू येणं शक्यच नाही. अशा जागा तुलनेतून वगळा.

नाव समोर ठेवून ऐकणं

जॉइस हॅटो या पियानोवादिकेच्या नावावर निघालेल्या सीडींचं कौतुक होत होतं. 2007 मध्ये उघड झालं की ती रेकॉर्डिंग इतरांची होती. संगणकात टाकलेली, लिस्ट या संगीतकाराच्या रचनांची सीडी डेटाबेसने लास्लो सिमॉन या पियानोवादकाची म्हणून ओळखली, तिथून सगळं उलगडलं. मन लावून ऐकणारे कानही नावाने वाकतात.

म्हणून घरातल्या कुणाला तरी तुकडे लावायला सांगा. क्रम अ, ब, ब, अ असा ठेवा. नुसतं अ-ब लावलं की नंतरचं नेहमी ताजं वाटतं. दर वेळी एकाच गोष्टीकडे कान द्या: आधी लय, मग डावा हात किंवा खर्जातली वाद्यं, मग वाक्यांच्या शेवटचा श्वास. स्कोअर (छापील स्वरलिपी) आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळतो, बार क्रमांक टाकून टिपणं करा. आणि कोणता तुकडा कुणाचा, हे चारही वेळा ऐकून लिहून झाल्यावरच विचारा.